चैत्रांगणातील आपला संसार



चित्रकलेचा इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि पुराणांतील प्रसंग डोळ्यांपुढे येतात. तांब्या, फणी, पोळपाट यांचेही कोणी चित्र काढीत असेल हे आपल्या गावीही नसते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मुलांच्या ड्रॉइंगच्या परीक्षांमुळे हा विषय आमच्या घरात शिरला. एलिमेंटरीला वस्तुचित्र असते, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. सरावासाठी तांब्या, दोन वांगी आणि एक फडके मांडून मुले तास-दोन तास बसत, आणि तोवर ती वांगी चिरावयाची नाहीत असा मला हुकूम असे!

या चित्रांना मान मिळावयास फार दिवस लागले. सतराव्या शतकात फ्रान्समधील चित्रकारांच्या अकादमीत चित्रांची प्रतवारी ठरली. सर्वांत वर पुराण व इतिहास, सर्वांत खाली निर्जीव वस्तू. पुढे त्याच पॅरिस शहरात शार्दँ (१६९९–१७७९) नावाचा चित्रकार झाला. स्वयंपाकघरातील भांडी, मासे, फळे, पाण्याचा पेला, असलीच चित्रे काढून त्याने नाव मिळविले आणि १७२८ साली अकादमीने त्याला सभासद करून घेतले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. अलिबागच्या पुढे रेवदंड्याच्या वाटेवर नागाव आहे, तेथे १९३६ साली प्रभाकर बरवे जन्मले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा; रायगड हे नाव १९८१ पासूनचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, काही वर्षे काशीस काढली. त्यांच्या चित्रांत माणूस क्वचितच दिसतो. दिसते ते घड्याळ, झाडाचे पान, पेन्सिल, एखादे फळ, आणि भोवती पुष्कळ मोकळी जागा. दाराखिडक्यांना लावतात तसला एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर वापरला. चित्राकडे कसे पाहावे, वस्तू आणि तिची आकृती यांचे नाते काय, यावर त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिले. ते १९९५ साली वारले आणि २०१९ साली मुंबईस त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. आपल्या जिल्ह्यातील किती जणांना हे ठाऊक आहे?

आता मला जे म्हणावयाचे आहे ते. घरातल्या वस्तू मांडून त्यांची चित्रे काढणे आपल्या बायकांना नवीन नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात चैत्रांगण निघे. शेणाने सारवलेली जमीन आणि भाताच्या तुसाची पांढरी रांगोळी. त्यात सूर्य, चंद्र, शंख, गोपद्मे असत. पण त्यांच्या शेजारीच फणी, आरसा, कुंकवाचा करंडा, पाळणा, तुळशीवृंदावन. म्हणजे बाईचे अवघे घरच की!

आमच्या माहेरी रोह्याला आई त्यात पाटा-वरवंटाही काढीत असे. पेणला सासरी आल्यावर मी तो काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “गौरीपुढे काय पाटा-वरवंटा काढायचा?” त्यांच्या घरात ती रीत नव्हती. मी पुसला नाही, त्यांनीही पुढे काही म्हटले नाही. फ्रान्सच्या अकादमीची हकीकत वाचली तेव्हा मला सासूबाईच आठवल्या!

शार्दँची चित्रे पॅरिसच्या संग्रहालयात आहेत, बरव्यांचीही जपून ठेवली आहेत. आमच्या आईचे चैत्रांगण कोंबड्यांच्या पायांनी दुपारपर्यंत विसकटे. ते काढणारीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आता अंगणांत फरशी आली, पुष्कळ जणी ब्लॉकमध्ये राहावयास गेल्या. दारात चिकटवावयाची तयार रांगोळी मिळते. ती स्वच्छ आणि देखणी असते हे खरे, पण तीत रोह्याची कोणती आणि पेणची कोणती हे कळत नाही.

म्हणून गेल्या चैत्रातील हळदीकुंकवाला मी दोनशे पानी वही नेली आणि पन्हे-डाळ झाल्यावर वडीलधाऱ्या बायकांना आपापल्या घरची चैत्रांगणे काढावयास सांगितली. प्रत्येक चित्राखाली काढणारीचे नाव, माहेरचे गाव आणि कोणाकडून शिकली ते लिहून घेतले. चौदा जणींनी काढली. काहींचे हात कापत होते. ऐंशी वर्षांच्या एका आजींनी जाते काढले, वही पुढे दिली, आणि थोड्या वेळाने परत मागून घेतली. जात्याचा खुंटा काढावयाचा राहिला होता.