जपानची हगवण आणि जीवाणूंचा पेन ड्राइव्ह

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले येतात, लढाया येतात, तह येतात. आजच्या भागातली लढाई माणसाच्या आतड्यात झाली. तिचा निकाल अजून लागलेला नाही आणि आपण सगळेच त्यात आहोत. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून होईल एवढाच आहे.

तर चला जपानला. सुरुवात १८९७ पासून करू. त्या वर्षी जपानात हगवणीची मोठी साथ आली होती. नव्वद हजारांच्या आसपास रुग्ण, आणि दर पाचातला एक तरी दगावत होता. कियोशी शिगा नावाच्या तरुण डॉक्टरनं या हगवणीचा जीवाणू शोधून काढला. त्याच्याच नावावरून त्या जीवाणूला पुढे शिगेला म्हणायला लागले.

आता पन्नास वर्षं पुढे या. दुसरं महायुद्ध संपलंय, शहरं बेचिराख झालीत, पाणी आणि सांडपाणी यांची व्यवस्था कोलमडलीय. हगवणीला यापेक्षा चांगले दिवस कुठले? पण या वेळी डॉक्टरांच्या हातात सल्फाची औषधं होती. सुरुवातीला ती झकास चालली. १९५० च्या सुमारास मात्र बहुतेक शिगेला त्यांना जुमानेनासे झाले. हरकत नाही, तोवर नवी औषधं आली होती: स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. एक चाललं नाही तर दुसरं, दुसरं नाही तर तिसरं.

आणि मग १९५५ मध्ये हाँगकाँगहून जपानला परतलेल्या एका रुग्णात असा शिगेला सापडला, की त्याच्यावर या चारपैकी एकही औषध चालेना. सल्फा नाही, स्ट्रेप्टोमायसिन नाही, टेट्रासायक्लिन नाही, क्लोरॅम्फेनिकॉल नाही. पुढच्या काही वर्षांत असे रुग्ण वाढतच गेले.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, कारण हे गणित बसत नाही. त्या काळी सगळ्यांना माहीत असलेलं उत्तर होतं उत्परिवर्तन, म्हणजे म्युटेशन. जीवाणू दुभंगताना डीएनएची कॉपी काढतो, कॉपी काढताना कधीतरी चूक होते, आणि ती चूक योगायोगानं औषधापासून वाचवणारी निघते. समजा, एका औषधाविरुद्ध अशी चूक एक कोटी जीवाणूंमध्ये एकदा होते. मग चार वेगवेगळ्या औषधांविरुद्ध चार चुका एकाच जीवाणूत एकदम होण्याची शक्यता किती? एक भागिले एकावर अठ्ठावीस शून्यं. एवढे जीवाणू रुग्णाच्या पोटात सोडा, सगळ्या टोकियोतल्या लोकांच्या पोटात मिळूनही भरणार नाहीत.

बरं, चुका एकामागून एक झाल्या असं म्हणावं, तर आधी एका औषधाला, मग दोन औषधांना दाद न देणारे असे मधल्या पायऱ्यांवरचे जीवाणू दिसायला हवेत. इथे तर एकाच साथीत, कधी एकाच रुग्णाच्या शौचात, दोन प्रकारचे शिगेला मिळत होते. काही चारही औषधांनी मरणारे, आणि काही चारहींना न जुमानणारे. रुग्णाला औषध एकच दिलेलं असलं तरी त्याच्या शिगेलाला चारहींचं संरक्षण मिळालेलं असायचं. हे म्हणजे परीक्षा एका विषयाची आणि पोरगं चार विषयांत पास!

खरी खूण मात्र शेजारच्या जीवाणूत मिळाली. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जीवाणू राहतात. बहुतेक वेळा निरुपद्रवी, घरचेच म्हणा ना. या रुग्णांमधले ई. कोलायही नेमक्या त्याच चार औषधांना दाद देत नव्हते. दोन वेगळ्या जातींचे जीवाणू आणि यादी सेम टु सेम. कॉलेजात दोघांच्या असाइनमेंटमध्ये तोच बग, त्याच ओळीवर सापडला तर आपण काय म्हणतो? कॉपी केलीय.

तोमोइचिरो आकिबा आणि कुनितारो ओचियाई या संशोधकांच्या गटांनी १९५९ च्या सुमारास हेच तपासलं. प्रयोग अगदी साधा होता. औषधांना न जुमानणारे ई. कोलाय आणि औषधांनी मरणारे शिगेला एकाच नळीत, एकाच पोषक द्रवात ठेवायचे. थोड्या वेळानं पाहायचं. शिगेला चारही औषधांना पुरून उरले! आणि उलट दिशेनंही, म्हणजे शिगेलाकडून ई. कोलायकडे, हेच होत होतं.

टोकियोच्या केओ विद्यापीठातले त्सुतोमु वातानाबे आणि तोशियो फुकासावा यांनी पुढचा तपास केला. जीवाणू गाळून काढून नुसता द्रव दिला तर काही होत नव्हतं. पेशीला पेशी भिडावीच लागत होती. जीवाणूंची ही भेट नवी नव्हती. अमेरिकेत जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं की जीवाणू जनुकांची देवाणघेवाण करतात. वातानाबे आणि फुकासावा यांना आणखी एक गोष्ट दिसली. अॅक्रिडीन जातीचे रंग वापरले की काही जीवाणूंची चारही औषधांविरुद्धची ताकद एकदम पुसली जायची, पण जीवाणू मात्र ठणठणीत जगायचा. याचा अर्थ, ही ताकद त्याच्या मुख्य डीएनएत नव्हतीच. ती बाजूला, वेगळ्या तुकड्यावर होती. मुख्य डीएनए म्हणजे मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम धरा, आणि हा तुकडा म्हणजे खोचलेला पेन ड्राइव्ह. काढला तरी मशीन चालतं.

अशा तुकड्यांना लेडरबर्गनं १९५२ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं: प्लाझ्मिड. बहुतेक वेळा गोल कड्यासारखा, छोटा डीएनए. स्वतःची कॉपी स्वतः काढणारा. त्यातले काही तर स्वतःच्या प्रवासाची सोयही सोबत बाळगतात. जीवाणूच्या अंगातून एक बारीक धागा निघतो, शेजाऱ्याला धरतो, जवळ ओढतो. मग प्लाझ्मिडच्या दोन पदरांपैकी एक पदर पलीकडे सरकतो आणि दोन्हीकडे राहिलेल्या पदराचा जोडीदार नव्यानं विणला जातो. म्हणजे देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याला सगळं मिळतं. कट-पेस्ट नाही, कॉपी-पेस्ट! घेणारा उद्या स्वतःच देणारा होतो.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे सगळं काम आधी जपानी भाषेत, जपानी नियतकालिकांत छापलं गेलं. बाहेरच्या जगाला त्याचा फारसा पत्ता नव्हता. वातानाबेंनी १९६३ मध्ये इंग्रजीत मोठा आढावा लिहिला, तेव्हा कुठे जगभर खळबळ उडाली. त्याच्या थोडं आधी, लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये नेओमी दत्ता या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी जपानचं काम समजल्यावर १९५९ च्या एका साल्मोनेला साथीतले जपून ठेवलेले जीवाणू पुन्हा तपासले. तिथेही तोच प्रकार! १९६२ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. म्हणजे हा काही जपानचा स्थानिक प्रश्न नव्हता.

याच दत्ताबाईंचं आणखी एक काम माझं सगळ्यात आवडतं आहे. एव्हरिट मरे नावाच्या शास्त्रज्ञानं १९१७ ते १९५४ या काळात जगभरातून शेकडो जीवाणू गोळा करून सीलबंद ठेवले होते. बरेचसे अँटिबायोटिक बाजारात येण्याआधीचे. व्हिक्टोरिया ह्यूज आणि दत्ता यांनी ते जागे केले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष मांडला. जवळपास चौथाई जीवाणूंमध्ये डीएनए पलीकडे पाठवण्याची सोय तेव्हाही होती. पण त्या प्लाझ्मिडांवर अँटिबायोटिकविरुद्धची जनुकं नव्हती. पेन ड्राइव्ह जुनेच होते, फाइली आपल्या काळात भरल्या गेल्या.

फाइली आल्या कुठून? बरीचशी अँटिबायोटिकं मातीतले जीवाणूच बनवतात, आणि स्वतःच्या विषानं स्वतः मरू नये म्हणून संरक्षणाची जनुकंही बाळगतात. ही जनुकं फार जुनी आहेत. १९७४ मध्ये हेजेस आणि जेकब यांनी दाखवलं की काही जनुकं एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर उडीही मारतात. अशा उड्या मारत मारत चार-चार जनुकं एकाच कड्यात गोळा होतात.

आता यातला खरा धोका बघा. चार जनुकं एकाच कड्यावर असतील, तर चारपैकी कुठलंही एक औषध वापरलं की ज्यांच्याकडे ते कडं आहे तेच वाचतात. म्हणजे एका औषधाच्या वापरानं उरलेल्या तीन औषधांविरुद्धची ताकदही जपली जाते. न वापरलेलं औषधसुद्धा असं बोथट होतं.

ही गोष्ट आपल्या दारातही येऊन गेलीय. कार्बापेनेम ही डॉक्टर अगदी शेवटी काढतात ती औषधं. ती निकामी करणारं, प्लाझ्मिडवरून फिरणारं एनडीएम-१ हे जनुक भारतात उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णात सापडलं आणि २००९ मध्ये जाहीर झालं. नावात नवी दिल्ली आल्यामुळे आपल्याकडे मोठा वाद झाला. पण २०१० मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच त्यांच्याकडचे कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जीवाणू तपासून छापलं होतं, की त्यातल्या २२ मध्ये हे जनुक आहे. त्यानंतर राहिलं कोलिस्टिन. २०१५ मध्ये चीनमध्ये, डुकरांपासून माणसांपर्यंत, त्याच्याविरुद्धचं जनुकही प्लाझ्मिडवर बसलेलं सापडलं. भारतात कोंबड्यांना आणि इतर जनावरांना कोलिस्टिन देण्यावर २०१९ मध्ये बंदी आली.

मग आपण काय करायचं? सर्दी आणि साधा फ्लू विषाणूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. तरी ते घेतलं, तर आतड्यातल्या घरच्या ई. कोलायमध्ये कडंवाले तेवढे शिल्लक राहतात, आणि उद्या खरा शत्रू आला की ते कडं त्याच्या हातात देतात. म्हणून मेडिकलवाल्याला नुसतं नाव सांगून गोळ्या आणू नका, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. आणि एक गोष्ट आपल्या एकट्याच्या हातात नाही: स्वच्छ पाणी आणि नीट वाहणारी गटारं. शिगेलाला १९४५ मध्ये रस्ता तिथूनच मिळाला होता. वॉर्डातल्या नगरसेवकाला नळाचं आणि गटाराचं विचारणं हेही औषध वाचवणंच आहे.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'ही गोळी घे, मला लागू पडली होती' असा मेसेज आला, की त्याखाली हा भाग टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, हात धुवा!