साष्टीचा वाघ गेला, बिबट्या राहिला

मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटावर एकोणिसाव्या शतकात पट्टेरी वाघ आणि बिबट्या हे दोघेही होते. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे वसाहती, खाणी, रस्ते बेटावर पसरत गेले. वाघाला मोठी शिकार आणि सलग रान लागते. दोन्ही आटत गेली. १९२९ मध्ये मारला गेलेला वाघ साष्टीतला शेवटचा मानला जातो.

रान मात्र पुरते संपले नाही, आणि त्याचे श्रेय निसर्गप्रेमाला देता येत नाही. शहराला पिण्याचे पाणी हवे होते. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये बांधून झाला. पाणलोट स्वच्छ राहावा म्हणून भोवतालच्या डोंगरांवर वस्तीला मज्जाव झाला. याच राखलेल्या रानाभोवती पुढे आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे.

उद्यानाच्या भिंतीपर्यंत शहर येऊन ठेपले, तेव्हा बिबट्याचे फारसे बिघडले नाही. खानावळीमागचे उष्टे आणि कोंबडीच्या दुकानाबाहेर टाकलेली आतडी यांवर भटकी कुत्री पोसली जातात, आणि रात्री त्या कुत्र्यांवर बिबट्या. २०१५ मध्ये कॅमेरे लावून केलेल्या गणनेत उद्यान व परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. एवढ्याशा रानासाठी हा आकडा फारच मोठा आहे. जाती घटल्या आणि उरलेल्यांपैकी एक फोफावली, असा हा शहरी हिशेब.

त्याची किंमतही मोजावी लागली. २००२ ते २००४ या काळात माणसांवरील हल्ले शिगेला पोहोचले. पिंजऱ्यात धरलेला बिबट्या दुसरीकडे सोडण्याचा तेव्हा प्रघात होता. अनोळखी मुलखात सोडलेल्या जनावरामुळे हल्ले उलट वाढतात, असे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या जुन्नरमधील अभ्यासातून दिसले. उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारली लोकांना बिबट्याचा शेजार नवा नव्हता. वाघोबाची पूजा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

आता अडचण बिबट्यांच्या येण्याजाण्याच्या वाटांची आहे. मुख्य रान आणि उद्यानाचाच नागला हा उत्तरेकडचा तुकडा यांच्यामधून घोडबंदर रस्ता जातो. २००९ मध्ये माळशेज घाटात रेडिओ-पट्टा बांधून सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या या रानापर्यंत आला. २०११ मध्ये तो वाहनाच्या धडकेने मेला.