जुन्या वैयक्तिक संगणकांची दुरुस्ती

१९८० व १९९०च्या दशकांतील वैयक्तिक संगणक पुन्हा चालू करण्याचा व त्यांची क्षमता वाढवण्याचा छंद. २८६, ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचा संगणक हाती आला, की वीज जोडण्याआधी मदरबोर्डवरील निकेल-कॅडमियम बॅटरी पाहावी. घड्याळ चालू ठेवणारी ही बॅटरी कालांतराने गळते आणि तिच्यातील अल्कली तांब्याच्या वाटा खाऊन टाकते. पावसाळ्यातील दमट हवेत गंज आणखी फोफावतो. बॅटरी काढून ती जागा व्हिनेगरने पुसतात, तुटलेल्या वाटा बारीक तारेने सांधतात. बंद पडलेल्या हार्ड डिस्कऐवजी अडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवतात.

मराठी छांदिष्टाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जिस्ट कार्ड. त्यामागचे तंत्र आयआयटी कानपूर येथे विकसित झाले व पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) त्याचा प्रसार केला. संगणकाच्या आयएसए खाचेत कार्ड बसवले, की डॉसवरील इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी मजकूर भरता येई. तो इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतात साठवला जाई. असा जुना मजकूर पुन्हा वाचता यावा म्हणून असे कार्ड भंगारात जाऊ देऊ नये आणि सोबतच्या फ्लॉपींतील मजकूर दुरुस्तीआधीच उतरवून घ्यावा.