एका दिवसाचा मुलूख : सातारा ते सांगली, सायकलवरून

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास शिकवताना एक गोष्ट वारंवार जाणवते. आपला प्रवासवर्णनकार दूर गेला की लिहितो. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तर हिंदुस्थानात गेले आणि 'माझा प्रवास' (प्रकाशन १९०७) झाला, पु. ल. देशपांडे युरोपात गेले आणि 'अपूर्वाई' (१९६०) झाली. जवळचा मुलूख मात्र कथा-कादंबरीकारांच्या वाट्याला आला. साताऱ्याहून सांगलीला जाण्याला आपण प्रवास म्हणतच नाही. ती नुसती ये-जा असते. ये-जा करणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पोहोचण्याची वेळ तेवढी दिसते.

हीच ये-जा आम्ही अलीकडे एकट्याने, एका दिवसात, सायकलवरून केली. महामार्ग सोडून कोरेगाव, रहिमतपूर, औंध, पुसेसावळी आणि पुढे कडेगाव तालुक्यातून कुंडल, किर्लोस्करवाडी, पलूस, सांगली अशी वाट धरली. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, वेग ताशी पंधराच्या आसपास. पायी चालणाऱ्याला हे अंतर चार-पाच दिवसांचे, मोटारीला तीन तासांचे. सायकल या दोहोंच्या मधली. तिच्यावरून गावाची पाटी वाचता येते, झाडाखाली टेकलेल्या माणसाशी दोन शब्द बोलता येतात, आणि तरीही दिवस मावळण्याच्या आत एक अख्खा मुलूख ओलांडून होतो. इतिहास वाचायला हा वेग फार सोयीचा आहे, असे आमचे मत झाले.

पहिली गोष्ट सीमांची. या वाटेवर आज एकच सीमा लागते, सातारा आणि सांगली या जिल्ह्यांची, आणि तीही अलीकडची. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव मिळाले ते १९६० मध्ये. त्याआधी याच वाटेवर किती राज्ये होती! साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. औंध पंतप्रतिनिधींचे, सांगली पटवर्धनांची. औंध संस्थान तर सलग नव्हतेच. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि मधून मधून इंग्रजी अंमल. सकाळी साताऱ्याहून निघालेला त्या काळचा वाटसरू संध्याकाळपर्यंत अनेकदा राज्य बदलत असे. पायाखालची माती मात्र त्याला तशी बदललेली दिसत नसे.

माती बदलते ती वेगळ्या कारणाने, आणि ते कारण सायकलस्वाराला पोटऱ्यांतून कळते. माहुलीजवळ कृष्णा ओलांडली की हिरवळ हळूहळू विरळ होत जाते. औंध ज्या खटाव तालुक्यात येते तो पर्जन्यछायेचा, माणदेशाच्या शेजारचा प्रदेश. चढ लहान असतात, पण सावली नसते. कुंडलच्या बाजूला उतरू लागले की ऊस दिसू लागतो. मधल्या कडेगाव पट्ट्यात टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उपसून आणले आहे. दुष्काळी साहित्य आणि बागायती साहित्य असा भेद आपण वर्गात करतो. इथे तो एका दुपारचा भेद आहे.

औंध हे गाव साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे. भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकलेचे, कीर्तनाचे आणि सूर्यनमस्कारांचे भोक्ते राजे. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभे केलेले संग्रहालय आजही आहे. १९३९ मध्ये त्यांनी आपला अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना अमलात आणली. तिला गांधीजींचा सल्ला लाभला होता. ग. दि. माडगूळकर औंधला शिकले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) तरुण मास्तर याच संस्थानाच्या शाळाखात्याचा नोकर आहे, हे लक्षात घेतले तर त्या कादंबरीतील तालीम बांधण्याचा उद्योग आणि राजाची भेट यांना निराळाच अर्थ येतो.

आता सायकलीची गोष्ट. आधुनिक सायकल ही फार जुनी वस्तू नव्हे. सारख्या आकाराच्या दोन चाकांची 'रोव्हर' इंग्लंडात आली १८८५ मध्ये आणि डनलॉपने हवेचा टायर काढला १८८८ मध्ये. लवकरच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा सायकली विकू लागले, दुरुस्त करू लागले आणि गिऱ्हाइकांना त्या चालवायलाही शिकवू लागले. त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगराचा कारखाना झाला. लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे सुरुवातीला तो नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते. बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली तेव्हा भवानराव पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा ३२ एकरांचा माळ देऊ केला, आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. सायकलीच्या दुकानातून नांगर, नांगराच्या कारखान्यातून गाव, आणि त्या गावातून मासिके : १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर', १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाची एक अख्खी वाचनसंस्कृती या माळावरच्या रेल्वे स्थानकातून टपालाने गावोगाव जात होती. वाङ्मयेतिहासात आपण शं. वा. किर्लोस्करांचे संपादन शिकवतो. त्याच्या मुळाशी असलेले पंपाचे आणि चाकाचे दुकान सहसा सांगत नाही.

या नांगराने आणखी एका माणसाला खेडोपाडी नेले. भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर खपवण्यासाठी गावोगाव हिंडले. पुढे कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न या भ्रमंतीत त्यांच्या डोळ्यांसमोर सतत राहिला असणार. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

किर्लोस्करवाडीला लागूनच कुंडल. १९४३ पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे हे मोठे ठाणे होते. जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. कुंडल औंध संस्थानात आणि भोवतालची गावे इंग्रजी हद्दीत, ही सीमांची गुंतागुंत भूमिगतांच्या पथ्यावर पडली. सकाळी आम्हाला जी केवळ नकाशावरची गंमत वाटली होती, ती इथे माणसांचे प्राण वाचवणारी गोष्ट ठरते.

मात्र एकट्याने सायकलवर निघणे हा स्वातंत्र्याचा अनुभव सर्वांना सारखा मिळालेला नाही, हेही याच जिल्ह्यात आठवते. १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर हा पारशी तरुण मुंबईहून एकटाच सायकलवर जग पाहायला निघाला. पुढच्या काही वर्षांत वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा एक मुलगा आईवडिलांबरोबर पायी मुंबईला निघाला. ते अण्णा भाऊ साठे. एकाची वाट हौसेची, दुसऱ्याची पोटासाठी. त्याच अण्णा भाऊंनी पुढे 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. स्त्रीच्या बाबतीत तर ही वाट आणखी उशिरा मोकळी झाली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये एकटीने सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली तेव्हा तिचे कौतुक झाले. पण आमच्या वर्गातल्या किती विद्यार्थिनींना सातारा-सांगली एकटीने जाण्याची घरून परवानगी मिळेल, हे आम्ही त्यांना विचारून पाहिले आहे. हसू येते, उत्तर येत नाही.

आमच्या अभ्यासक्रमात ग्रामीण साहित्य एका प्रश्नपत्रिकेत, दलित साहित्य दुसऱ्या, नियतकालिकांचा इतिहास तिसऱ्या आणि प्रवासवर्णन चौथ्या प्रश्नपत्रिकेत येते. माडगूळकर, अण्णा भाऊ आणि 'स्त्री' मासिक यांची गाठ परीक्षेत कधी पडत नाही. सायकलवरच्या एका दिवसाने आम्हाला एवढे शिकवले की ही सगळी माणसे एकमेकांपासून दिवसा-दोन दिवसांच्या वाटेवर होती; तेच पाणी, तोच दुष्काळ, त्याच संस्थानी सीमा त्यांच्या वाट्याला आल्या होत्या. वाङ्मयप्रकारांच्या भिंती आपण नंतर बांधल्या. विद्यार्थ्यांना एखादे सत्र या रस्त्याच्या क्रमाने शिकवून पाहावे. निम्मे विद्यार्थी याच गावांतून एस.टी.ने येतात, आपण रोज ज्या वाटेने ये-जा करतो ती पुस्तकातही आहे, हे त्यांना कळणे आम्हाला मोलाचे वाटते.