'देझिरे' आणि 'नकोशी' : स्त्रीनामांचा इतिहास व बीड जिल्हा

प्रस्तावना :
व्यक्तिनाम हे केवळ ओळखीचे साधन नसून समाजाच्या मूल्यव्यवस्थेचा तो एक दस्तऐवज असतो. अपत्याचा जन्म कुटुंबाला कितपत हवा होता, हे काही नावांतून थेट व्यक्त होते. प्रस्तुत लेखात 'देझिरे' हे फ्रेंच स्त्रीनाम व मराठीतील 'नकोशी' हे नाव यांचा तौलनिक विचार करून, त्या संदर्भात बीड जिल्ह्यातील मुलींच्या प्रमाणाचा परामर्श घेतला आहे.

'देझिरे' : उगम व इतिहास :
फ्रेंच भाषेत 'देझिरे' म्हणजे 'इच्छिलेली', 'हवीशी'. या नावाचे मूळ लॅटिन 'देसिदेराता' या नावात आहे. प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजात दीर्घ प्रतीक्षेनंतर जन्मलेल्या अपत्यास अशी नावे दिली जात. त्याच मुळापासून 'देसिदेरिउस' हे पुरुषनाम सिद्ध झाले व त्याचे 'दिदिए' हे फ्रेंच रूप रूढ झाले. 'देझिरे' हे नाव पुत्र व कन्या या दोघांनाही ठेवले जाते. भेद केवळ लेखनात आहे, उच्चारात नाही.

हे नाव इतिहासात विशेष गाजले ते देझिरे क्लारी (१७७७-१८६०) हिच्यामुळे. मार्सेय येथील रेशीम व्यापाऱ्याच्या या कन्येचा १७९५ मध्ये नेपोलियनशी वाङ्निश्चय झाला होता. तो पुढे मोडला. १७९८ मध्ये तिचा विवाह सेनानी बर्नादोत याच्याशी झाला. तो १८१८ मध्ये स्वीडनच्या गादीवर आला, तेव्हा ती राणी झाली व तिचे नाव 'देसिदेरिया' या लॅटिन वळणाच्या रूपात रूढ झाले.

मराठीतील 'नकोशी' :
मराठीत धोंडू, दगडू, भिकू अशी नावे आढळतात. अपत्ये जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे ठेवीत. वरकरणी हीन वाटणाऱ्या या नावांमागे मूल जगावे हीच आस होती. 'नकोशी', 'नकुसा' या नावांचे तसे नाही. मुलीवर मुली झाल्यावर, पुढे तरी मुलगा व्हावा, या समजुतीने ती ठेवली जात. तेथे शब्द व हेतू एकच आहेत. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

बीड जिल्ह्याचा संदर्भ :
त्याच वर्षीच्या जनगणनेने याहून गंभीर वास्तव पुढे आणले. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ होते. २०११ मध्ये ते ८०७ पर्यंत घसरले. २०११ मध्ये राज्याचे प्रमाण ८९४ होते. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत होऊनही ही घसरण झाली. २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडचा समावेश झाला. जेथे अंबाजोगाईची योगेश्वरी अनेक घराण्यांची कुलदेवता म्हणून पूजिली जाते, त्याच जिल्ह्याची ही स्थिती होती.

निष्कर्ष :
'नकोशी' या नावात नकार होता, तरी ते धारण करणारी मुलगी जिवंत होती. गर्भलिंगनिदानाच्या तंत्राने तोच नकार बारशाच्या आधी नेला. त्यामुळे नाव ठेवण्याचा प्रसंगच उरला नाही. म्हणून केवळ नामांतर झाल्याने अथवा अशी नावे दुर्मिळ झाल्याने मानसिकता पालटली, असा निष्कर्ष काढता येत नाही. मुलगी हवीशी झाली किंवा नाही, याचा निर्णायक पुरावा नावांच्या यादीपेक्षा जन्मनोंदणीच्या आकड्यांतच शोधावा लागतो.