ठेसनाचं कूळ

शाळेत आमची इंग्रजी शब्दार्थांची एक वही असायची. बाईंनी तिला शिस्त लावून दिली होती. सुरुवातीची दोन अक्षरं सारखी असलेले शब्द एका पानावर लिहायचे. एस आणि टी या जोडीला दोन पानंही पुरली नाहीत. स्टँड म्हणजे उभं राहणं, स्टे म्हणजे मुक्काम करणं, स्टेट म्हणजे राज्य, स्टेबल म्हणजे तबेला. मग स्टूल, स्टॅच्यू, स्टार, स्ट्रीट, स्टुडिओ, स्टॉप. ते पान मोठ्यानं वाचताना एक मुलगा स्टेशनला 'ठेसन' म्हणाला आणि वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. तो पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज यायचा आणि त्याच्या घरी सगळे ठेसनच म्हणत. त्या हसण्याचं आज वाईट वाटतं. कारण त्या पानावरच्या शब्दांची कुळं धुंडाळताना कळलं, की ठेसन हा बिघडलेला शब्द नाही. मराठीनं तो आपल्या फार जुन्या रीतीनं घडवला आहे.

संस्कृतात 'स्था' म्हणजे उभं राहणं. लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा धातू 'स्तारे'. हे साम्य योगायोगाचं नाही, या भाषांचा उगम एकच असला पाहिजे, असं विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं. स्टेशन, स्टेट, स्टेबल, स्टॅच्यू हे शब्द लॅटिनच्या घरातून इंग्रजीत आले. स्टँड आणि स्टूल तिच्या स्वतःच्या जर्मानिक घरातले. मूळ मात्र सगळ्यांचं एकच, उभं राहणं.

यात एक गोष्ट मला फार लोभस वाटते. जर्मानिक भाषांमध्ये जुन्या 'त'चा 'थ' झाला. म्हणून आपल्या 'त्रि'ला इंग्रजीत थ्री म्हणतात, 'तृष्णे'ला थर्स्ट आणि 'तनु'ला थिन. पण त्या 'त'च्या आधी 'स' असला तर त्याला धक्का लागला नाही. 'स'च्या आडोशाला तो तसाच राहिला. म्हणून हजारो वर्षांनंतरही स्टँड आणि 'स्था' शेजारी ठेवले, की नातं डोळ्यांना दिसतं.

आपल्याकडे उलट घडलं. प्राकृत बोलणाऱ्यांना शब्दाच्या तोंडचं जोडाक्षर नको होतं. त्यांनी 'स' टाकला, पण त्याचा श्वास पुढच्या अक्षरात ठेवला. 'स्त'चा 'थ' होतो, हा नियम वररुचीच्या 'प्राकृतप्रकाश' या प्राकृत व्याकरणात नोंदलेला आहे. त्यानुसार स्तर झाला थर, स्थालीची थाळी झाली, स्थळाचं थळ झालं. 'स्क'चीही तीच गत: स्कंधाचा खांदा आणि स्कंभाचा खांब. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या बिनखांबी गणपतीला हात जोडताना आपण तो प्राकृत नियमच उच्चारत असतो. आणि स्थानाचं झालं ठाण, ठाणं.

आता त्या वहीतले अर्थ पुन्हा वाचावेत. स्टेबल म्हणजे घोडे बांधायची जागा. मराठीत घोडा बांधायच्या जागेला म्हणतात ठाण. पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणे म्हणतो, म्हणजे एका बहिणीच्या जागी दुसरी बसवतो. कोल्हापूर स्टेटला मराठीत कोल्हापूर संस्थान म्हणत. स्टेट आणि संस्थान, दोन्हींच्या पोटात तोच 'स्था'. रस्त्याच्या नावातला स्ट्रीटसुद्धा ओळखीचा निघतो. पसरून बांधलेल्या वाटेसाठीच्या लॅटिन शब्दापासून तो आला आणि त्याचं मूळ म्हणजे आपल्या विस्ताराचं, थराचं 'स्तृ'.

मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली आणि तिच्याबरोबर स्टेशन हा शब्द आसपासच्या गावांत पोचला. गावाकडच्या जिभेनं 'स' टाकला आणि त्याचा श्वास 'ट'मध्ये घालून 'ठ' केला. स्थानाचं ठाण करणाऱ्या तोंडांनी केलं होतं, तेच. वररुची कुणी वाचला नव्हता. कान आणि जीभ पुरेशी होती. ठेसन असं जन्मलं.

पुढे एस आणि टी ही दोन अक्षरं स्वतःच शब्द झाली. स्टेट ट्रान्सपोर्टची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. एक स्टेट संपलं आणि दुसऱ्या स्टेटची गाडी गावोगाव फिरू लागली. खेड्यांत तिचं नाव पडलं यष्टी. मराठीत 'ट'च्या आधी 'स' सहसा टिकत नाही, 'ष' होतो. कष्ट, गोष्ट, स्पष्ट असे शब्द कानात मुरलेले असतात. त्यातून संस्कृतातला काठी या अर्थाचा शब्द पुन्हा कानी पडू लागला, ज्येष्ठमधाच्या 'यष्टिमधु' या मूळ नावात आहे तोच.

फारसी-मराठी कोश करणारे माधव जूलियन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत. भाषाशुद्धीचा विचार त्यांनी हिरिरीनं मांडला. त्या काळाच्या ओढीनं रूढ झालेले स्थानक, बसस्थानक हे शब्द मला आवडतात. पण स्टेशनला परकं म्हणून उठवून तिथं स्थानक बसवलं, तरी घरातलंच माणूस उठवून घरातलंच बसवल्यासारखं होतं. कोल्हापूरकर पाटीवर मध्यवर्ती बसस्थानक वाचतात आणि बोलताना स्टँडच म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत.

अक्षरं जुळली म्हणून कूळ जुळतंच असं मात्र नाही. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओमुळे या गावात घरोघर झालेला स्टुडिओ 'स्था'चा नव्हे. तो ध्यास, उत्कट अभ्यास अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाचा, म्हणजे स्टडी आणि स्टुडंटचा सख्खा. फुटबॉलसाठी आपण ज्या शाहू स्टेडियमवर गर्दी करतो, त्यातलं स्टेडियम मुळात ग्रीकांचं अंतराचं माप; ऑलिम्पियात ते सुमारे १९२ मीटर होतं.

आणि स्टॉप. अर्थ थांबणं, त्यामुळे तो या घरातला असणारच असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पण त्याच्या मुळाशी आहे तागासारख्या तंतूंचा बोळा, भोक बुजवायचा. बुजवणं, अडवणं, मग थांबवणं असा त्याचा प्रवास. आपला थांबा मात्र 'स्तंभ'वरून आला, 'स' टाकून, 'थ' घेऊन. गावच्या फाट्यावर यष्टीची वाट पाहत माणसं उभी असतात, त्या 'विनंती थांबा' लिहिलेल्या पत्र्याच्या पाटीवर तो रोज दिसतो.