अमाल्गमेशन आणि संकर

दाढ किडली की दातांचे डॉक्टर तीत ‘चांदी’ भरतात, असं आपण म्हणतो. ती नुसती चांदी नसते. चांदी, कथील आणि तांबं यांची पूड पाऱ्यात कालवून ते मिश्रण केलेलं असतं. त्याचं इंग्रजी नाव अमाल्गम. त्याचंच भावंड, अमाल्गमेशन, कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या बातम्यांत भेटायचं. माझी या शब्दाशी ओळख एवढीच.

मग फिलाडेल्फियातल्या १८३८ सालच्या एका जळिताविषयीचा मजकूर मराठीत आणायला घेतला आणि पहिल्याच पानावर अडले. गुलामगिरीच्या विरोधकांनी सभांसाठी पेनसिल्व्हेनिया हॉल बांधला होता. १४ मे रोजी तो खुला झाला. आत गोरे आणि काळे, बायका आणि पुरुष एकत्र बसले. १६ तारखेला अँजेलिना ग्रिम्के बोलत असताना बाहेरचा जमाव खिडक्यांवर दगड मारत होता. १७ च्या रात्री हॉल पेटवला गेला. बंब आले, त्यांनी शेजारच्या इमारती वाचवल्या आणि हॉल जळू दिला. जमावाचा ठपका एका शब्दात मावत होता: अमाल्गमेशन.

आधी मी ‘मिश्रण’ लिहिलं. पण मिश्रणासाठी कोण इमारत जाळेल? ‘मिलाफ’ फारच गोड. ‘भेसळ’मध्ये राग आहे, पण तो दुधातल्या पाण्यावरचा.

हा शब्द किमयागारांच्या लॅटिनमधून आला. सोळाव्या शतकात मेक्सिकोतल्या पाचुका इथे बार्तोलोमे दे मेदिना यानं खनिजात पारा कालवून चांदी काढायची रीत बसवली. गंमत म्हणजे तिथलं मिसळणं वेगळं करण्यासाठीच होतं. पारा चांदीला धरतो, दगडमाती मागे राहते. मग तापवलं की पारा उडून जातो. माणसांच्या बाबतीत मात्र धास्ती होती ती पुन्हा वेगळं करता न येण्याची.

डिसेंबर १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक निनावी पुस्तिका निघाली. अमाल्गमेशन हा धातूंचा शब्द, माणसांना शोभत नाही, असं म्हणून तिनं लॅटिन शब्द जोडून नवा घडवला: मिसेजेनेशन. वंशांच्या मिश्रणाचं तिच्यात कौतुक होतं आणि आव लिंकनच्या बाजूचा. खरे लेखक होते डेव्हिड क्रोली आणि जॉर्ज वेकमन, दोघेही लिंकनविरोधी वर्तमानपत्रातले. १८६४ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला गोत्यात आणायचं, हा डाव. लबाडी पुढे उघडी पडली, शब्द मात्र टिकला. अशा लग्नांवरची राज्यांची बंदी सर्वोच्च न्यायालयानं उठवली ती १९६७ मध्ये.

हे वाचताना माझा शब्द मला घरातच सापडला. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला ज्याची धास्ती आहे तो वर्णसंकर. अमेरिकेशी हे नातं मी ओढूनताणून जोडत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि १९३६ साली आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटलं, तेव्हा रक्ताच्या एकत्र येण्यासाठी ‘फ्यूजन’ हा शब्द वापरला. तोही भट्टीतलाच, पण त्याला धास्तीचा वास नाही.

मी ‘संकर’ लिहिलं. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं: वाचकाला हे आपल्याकडचं वाटेल. मी शब्द बदलला नाही. कंपन्यांच्या बातम्यांसाठी ‘विलीनीकरण’ आहेच.